आजोबांचा आंबा कोणी बंद केला?

अक्षय्य तृतीया झाली, बाजारात आंब्याच्या पेट्या उतरू लागल्या, की माझ्या दवाखान्यात दर वर्षी एक खटला उभा राहतो. फिर्यादी असते सून किंवा मुलगा, आरोपी असतात सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेले आजोबा, आणि न्यायाधीशाच्या खुर्चीवर मला बसवलेले असते. "डॉक्टर, आता तुम्हीच सांगा यांना. आमचं काही ऐकत नाहीत." गुन्हा काय, तर आजोबांनी वाटीभर आमरस खाल्ला. आजोबा खाली मान घालून बसलेले असतात, शाळेत छडी खायला उभ्या केलेल्या पोरासारखे. ज्या माणसाने चाळीस वर्षे घर ओढले, मुलींची लग्ने केली, विहिरीसाठी कर्ज अंगावर घेऊन ते फेडले, त्याला आपल्या ताटात काय पडावे एवढेही आता ठरवता येत नाही.

यंदा हा खटला पत्राने आला. पत्र लिहिणाऱ्या वाचकभगिनी आपल्याच जिल्ह्यातल्या आहेत. त्यांचे सासरे ७९ वर्षांचे, सोळा वर्षांपासून मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्या चालू, मूत्रपिंडाचा रिपोर्ट 'थोडा वर'. साखर, भात, बटाटा, केळे, आंबा, सणाचे गोड, सगळे बंद. शेतावर एकट्याने जाणेही बंद. वर्षभरात सात किलो वजन उतरले आहे. पुढे त्या लिहितात, "मामंजी आताशा कोणाशी फारसे बोलत नाहीत. कधी कधी पहाटे त्यांना घाम सुटतो, उगाच चिडतात. घरात आंबा आणलाच नाही तर त्यांना मोह होणार नाही, असे घरातल्यांचे म्हणणे आहे. आपले मत कळवावे."

माझे मत असे की आंबा आणावा. त्या पत्रात मला धास्ती वाटली ती आंब्याची नाही, पहाटेच्या घामाची. पत्रावरून औषध ठरवता येत नाही, म्हणून त्यांना उलट टपाली कळवले आहे की याच आठवड्यात सासऱ्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे न्या, सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या आणि घामाची गोष्ट आधी सांगा. पण असे पत्र एकाच घरातून आले म्हणून ते एकाच घराचे असते असे नाही. त्यासाठी हा लेख.

आपल्याकडे मधुमेह म्हटले की साखर चढण्याची भीती असते, आणि ती खोटी नाही. चढलेली साखर डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा पोखरते. मात्र ती हे काम वाळवीसारखे करते. आज वाटी रस खाल्ला म्हणून उद्या डोळा गेला असे होत नाही, त्याला वर्षे लागतात. ब्रिटनमध्ये नव्यानेच मधुमेह झालेल्या हजारो लोकांचा एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. साखर काटेकोर ठेवलेल्या गटात सुमारे दहा वर्षांच्या पाहणीत डोळे-मूत्रपिंडांसारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या विकारांचे प्रमाण साधारण एक चतुर्थांशाने कमी भरले. फायदा चांगला आहे. पण त्या अभ्यासात आलेली माणसे बहुतेक पन्नाशीच्या आसपासची होती. पन्नाशीच्या माणसाने दहा वर्षे पथ्य पाळले तर साठाव्या वर्षी त्याचे व्याज हातात पडते, आणि ते पुढे वीस वर्षे खाता येते. ७९ व्या वर्षी, मूत्रपिंडे थकलेली असताना, तेच व्याज कधी हातात यायचे?

बरे, साखर जितकी खाली तितके चांगले, हेही खरे ठरले नाही. अमेरिका आणि कॅनडात १०,२५१ मधुमेही लोकांवर 'अ‍ॅकॉर्ड' नावाचा अभ्यास झाला. सरासरी वय ६२, हृदयविकार झालेले किंवा होण्याची शक्यता जास्त असलेले हे लोक. निम्म्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे ज्याला आपण एचबीएवनसी म्हणतो ती, सहाच्या खाली आणायचा प्रयत्न झाला. उरलेल्यांची सात ते आठच्या दरम्यान ठेवली. जास्त कडक गट जास्त जगेल अशी सर्वांची अटकळ होती. २००८ सालच्या फेब्रुवारीत कडक उपचार मध्येच थांबवावे लागले, कारण त्या गटात २५७ मृत्यू झाले होते आणि दुसऱ्या गटात २०३. साखर एकदम उतरून इतरांची मदत लागण्याचे प्रसंग कडक गटात जवळपास तिप्पट होते. मृत्यू नेमके कशामुळे वाढले यावर तज्ज्ञांत वाद झाले, अजून होतात. पण त्यानंतर म्हाताऱ्या माणसाच्या साखरेकडे पाहण्याची जगभरातल्या डॉक्टरांची नजर बदलली हे नक्की.

आजची शिफारस साधारण अशी आहे. माणूस म्हातारा असला तरी हिंडताफिरता असेल, इतर आजार फारसे नसतील, तर तीन महिन्यांची साखर सात ते साडेसातच्या आत ठेवावी. दोन-चार आजार असतील, विसरभोळेपणा असेल, रोजच्या कामांना मदत लागत असेल, तर आठपर्यंत चालते. फारच थकलेल्या माणसाच्या बाबतीत आकड्याच्या मागे धावूच नये. साखर उतरू नये, आणि सारखी तहान-लघवी लागेल इतकी चढूही नये, एवढे पाहावे. कित्येक घरांत मात्र आजोबांचा आकडा सहा आला की पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवतात. गोळ्यांवर असलेल्या ८० वर्षांच्या माणसाचा सहा आकडा पाहिला की मी आधी विचारतो, यांना मधूनमधून घाम सुटतो का? चक्कर येते का?

उतरलेली साखर काय करते ते एका उदाहरणाने सांगतो. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. ७६ वर्षांचे एक निवृत्त पोस्टमन. एकादशी होती. सकाळची मधुमेहाची गोळी नेमाने घेतली, कारण गोळी चुकवायची नाही हे त्यांना पक्के ठाऊक. उपवास म्हणून जेवण नाही, दुपारी एक केळे. संध्याकाळी हे गृहस्थ बायकोला वाटेल ते बोलू लागले. जन्मात ज्यांनी आवाज चढवला नव्हता! घरच्यांना वाटले वयाने चळले. कोणी मीठमोहऱ्या ओवाळल्या. रात्री बोलणे जड झाले, हात लटपटू लागला, तेव्हा लकवा आला म्हणून जीपमध्ये घालून आणले. बोट टोचून साखर पाहिली, ४१. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांत उठून बसले आणि चष्मा कुठे आहे म्हणून विचारू लागले. मुलगा म्हणाला, "मग नेऊ का घरी?" नाही म्हटले. त्यांची गोळी जुन्या जातीची, लांब पल्ल्याची होती. पहाटे तीनला साखर पुन्हा उतरली. घरी नेले असते तर सगळे झोपेत असताना उतरली असती.

तरुण माणसाची साखर उतरली की हात थरथरतो, भूक लागते, छातीत धडधडते, त्याला ते कळते. म्हाताऱ्या माणसाला यातले काही कळेलच असे नाही. हृदयासाठी किंवा रक्तदाबासाठी दिलेल्या काही गोळ्या ती धडधड आणि थरथर झाकून टाकतात. उरते ते चिडणे, बरळणे, झोपेतून न उठणे, नाहीतर पहाटे न्हाणीघरात कोसळणे. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांपैकी २० ते ३० टक्के वर्षभरात दगावतात, असे परदेशांतल्या नोंदी सांगतात. वाटीभर रसाने इतक्या झटपट कोणाचे नुकसान होताना मी पाहिलेले नाही.

आणि या पथ्याच्या राज्यात तर्क किती असतो तेही पाहा. ज्या घरात आजीला आंब्याची फोड चाखू देत नाहीत, त्याच घरात दर एकादशीला, चतुर्थीला तिच्यापुढे साबुदाण्याच्या खिचडीची ताटली येते, वर बटाट्याचा कीस. उपवासाचे आहे ना, मग ते पथ्याचेच असणार! साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. वाटीभर खिचडीतले पिष्ट अर्ध्या आंब्यातल्या साखरेच्या दुप्पट-तिप्पट भरेल. सकाळी गोळी घेऊन उपाशी राहायचे आणि दुपारी साबुदाणा खायचा, म्हणजे साखर आधी आडात आणि मग माळ्यावर. उपवास करूच नये असे मी म्हणत नाही, ती ज्याची त्याची श्रद्धा आहे. पण मधुमेहाची गोळी घेणाऱ्याने उपवासाच्या दिवशी कोणती गोळी, किती आणि केव्हा घ्यायची हे आधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. इतकी वर्षे दवाखाना चालवतो आहे, हे आपणहून विचारणारे मला बोटांवर मोजण्याइतके भेटले.

आता आंब्याचा हिशेब. आंब्याच्या शंभर ग्रॅम गरात साधारण चौदा-पंधरा ग्रॅम साखर असते. अर्ध्या मध्यम आंब्यातून फार तर तेवढाच गर निघतो. एका लहान पोळीत पिष्ट जवळपास तितकेच. तेव्हा अर्धा आंबा खायचा असेल त्या जेवणात एक पोळी कमी. भरपेट जेवणावर नव्हे, जेवणातच. रस काढून त्यात वर साखर घालण्यापेक्षा फोडी बऱ्या, त्या सावकाश खाल्ल्या जातात आणि किती खाल्ल्या ते दिसते. घरी बोट टोचून पाहण्याचे यंत्र असेल तर खाल्ल्यावर दोन तासांनी एकदा साखर पाहावी. प्रत्येकाची प्रकृती वेगळी, कोणाला अर्धा चालतो, कोणाला पाव. पण ते पाहून ठरवावे, शेजारणीच्या सांगण्यावरून नको. मोबाइलवर फिरत आलेल्या निरोपावरून तर मुळीच नको.

सात किलो वजन उतरल्याची गोष्ट पत्रात ओघात आली आहे. घरच्यांना ती पथ्याची शाबासकी वाटत असावी. या वयात आपोआप उतरणारे वजन म्हणजे बहुधा मांड्या-दंडांचे स्नायू उतरतात. मग उठताना खुर्चीचा हात धरावा लागतो, पाय घसरला तर सावरता येत नाही. भात बंद, गोड बंद, तेल बंद, मीठ कमी, अशा ताटावर बसलेला माणूस दोन घास खाऊन उठतो, कारण त्याला जेवावेसे वाटत नाही. डाळ, उसळ, दूध-दही, खात असतील तर अंडे, हे पोटात गेले पाहिजे. ते जावे म्हणून लोणच्याची एक फोड द्यावी लागली तर मी देईन. हृदयाने किंवा मूत्रपिंडाने पाणी साठत असेल, किंवा डॉक्टरांनी दूध-डाळीचे प्रमाणच ठरवून दिले असेल, तर मात्र त्यांचा शब्द माझ्या लेखापेक्षा मोठा समजावा.

इथवर वाचून एखादे आजोबा खूश झाले असतील आणि गोळ्यांचा डबा फळीवर ठेवायला निघाले असतील. त्यांनी जरा थांबावे. सगळ्याच गोष्टी सैल सोडायच्या नसतात. रक्तदाबाचे घ्या. ऐंशीनंतर रक्तदाबावर औषध द्यावे की नाही याबद्दल डॉक्टरांतच दुमत होते. २००८ साली त्यावर एका अभ्यासाचा निकाल आला. ८० वर्षे आणि त्यावरील ३,८४५ लोक, निम्म्यांना साधी गोळी, निम्म्यांना नुसती खोटी गोळी. दाब १५०-८० पर्यंत आणायचा, फार खाली नाही. निम्म्याहून जास्त लोकांची पाहणी दोन वर्षेही झाली नव्हती तोच अभ्यास थांबवावा लागला, कारण खरी गोळी घेणाऱ्यांत मृत्यू २१ टक्क्यांनी कमी होते आणि हृदय निकामी होऊन दम लागण्याचे प्रमाण ६४ टक्क्यांनी कमी. म्हणजे इथे व्याज दोन वर्षांच्या आत मिळते. ८२ वर्षांच्या माणसालाही ते खाता येते. त्यासाठी सोडावे काय लागते? सकाळी एक गोळी पाण्याबरोबर. उठल्यावर गरगरत असेल तर उभे करून दाब मोजून घ्यावा आणि डोस बदलून घ्यावा, आपल्या मनाने गोळी बंद करू नये.

मिश्री आणि तंबाखूही तशीच. सत्तराव्या वर्षी सोडून काय उपयोग, असे पुष्कळजण म्हणतात. सोडल्याचा फायदा त्या वयातही होतो. आंबा बंद करणारी घरे मिश्रीच्या डबीकडे मात्र काणाडोळा करतात, कारण आजी त्याशिवाय सकाळी कामाला लागत नाही.

आणि फिर्यादी चिरंजिवांचे काय? वडिलांना आमरसाबद्दल माझ्यापुढे उभे करणारे हे गृहस्थ दवाखान्यात येतात ते मोटारसायकलवर, मागे वडील, हेल्मेट आरशाला अडकवलेले. पोलीस दिसला तर डोक्यावर जाते, नाहीतर आरशाचे रक्षण करते. हेल्मेटने अपघातात मृत्यू येण्याची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याची ६९ टक्क्यांनी कमी होते, असे अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून निघालेले आहे. सोसायचे काय, तर थोडा घाम आणि विस्कटलेले केस. इतका मोठा धोका इतक्या लहान सोयीसाठी पत्करणारा चाळिशीचा माणूस ७९ वर्षांच्या बापाला अर्ध्या आंब्याबद्दल बेजबाबदार म्हणतो, तेव्हा मला हसू दाबावे लागते. खिशातल्या तंबाखूच्या पुडीबद्दल मग मी मुद्दाम वडिलांसमोरच विचारतो.

काही धोके मात्र त्या माणसाचे एकट्याचे नसतात. मोतीबिंदू पिकलेला, संध्याकाळी समोरचे दिसत नाही, तरी स्कूटर चालवण्याचा हट्ट, असे आजोबा माझ्याकडे आहेत. तिथे मी त्यांच्या बाजूने बोलत नाही. शाळा सुटण्याच्या वेळी रस्त्यावर जी पोरे असतात त्यांनी तो धोका पत्करलेला नसतो. आधी डोळ्याचे ऑपरेशन, मग स्कूटरच्या गप्पा.

पण धोका ज्याचा त्याचाच असेल तेव्हा? एक आजी, वय ७३, गावाकडच्या. पायांना मुंग्या, तळपायाला खडा टोचलेला कळत नाही. त्यांना पालखीबरोबर चालायचे होते. आषाढीच्या आधी तिन्ही मुलगे आले, चौथ्या आजी. मुलांचे म्हणणे, पायाला जखम झाली तर पाय जाईल. म्हणणे चुकीचे नव्हते. आजींचे म्हणणे, गुडघे चालतात तोवर एकदा. बोलता बोलता तोडगा निघाला. आळंदीपासून नाही, शेवटचे दोन टप्पे, भंडीशेगावपासून वाखरी आणि वाखरीपासून पंढरपूर. नवी चप्पल नाही, महिनाभर आधी वापरून मऊ केलेले बंद बूट आणि सुती मोजे. रोज संध्याकाळी नातीने तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहायच्या. चालायच्या दिवशी सकाळची गोळी अर्धी, आणि बटव्यात ग्लुकोजची पुडी. आजी गेल्या. परत आल्या तेव्हा टाचेवर फोड होता, तो फुटला. भरून यायला तीन आठवडे लागले. ड्रेसिंगला येताना मुलाचा चेहरा उतरलेला आणि आजींचा फुललेला. मी विचारले, पुन्हा जाल का? म्हणाल्या, "फोड काय डॉक्टर, चुलीपाशी बसूनबी येतोच की."

सगळ्याच गोष्टी अशा गोड होत नाहीत, आणि झालेल्या तेवढ्याच सांगणे बरोबर नाही. ८१ वर्षांचे एक शेतकरी. बायको गेलेली. रोज पहाटे एकटे मळ्यात जाण्याचा नेम. मुलांनी ते बंद केले तेव्हा त्यांनी जेवणच टाकले. सगळ्यांना समोर बसवून ठरले की उजाडल्यावर जायचे, काठी घ्यायची, मोबाइल गळ्यात अडकवायचा, ओढ्याला पाणी असेल तर जायचे नाही. दोन वर्षे ते गेले. वांगी लावली, नातवाला मोट कशी चालायची ते हातवारे करून सांगितले. मग एका पावसाळ्यात ओल्या बांधावरून पाय घसरला. खुबा मोडला, ऑपरेशन झाले, पाच महिन्यांनी ते गेले. मुलाने नंतर मला विचारले, "जाऊ दिलं नसतं तर असते ना हो?" कदाचित असते. मी त्याला खोटे सांगितले नाही. त्या दोन वर्षांतले एकही वर्ष त्यांनी खाटेवर भिंतीकडे तोंड करून काढले नाही, हेही सांगितले. त्याचे समाधान झाले की नाही मला माहीत नाही. पण तसाच माणूस पुन्हा आला तर मी तसेच ठरवीन. धोका पत्करला म्हणजे तो कधीतरी खरा होणार, हे ठरवतानाच सगळ्यांना कळलेले असावे, एवढाच माझा आग्रह.

हा आग्रह मी विशेषकरून सुनांसाठी धरतो. आंबा बंद करणारी सून दुष्ट नसते, घाबरलेली असते. सासऱ्यांची साखर चढली तर नणंद पुण्याहून फोनवर विचारणार, "वहिनी, तुम्ही लक्ष देत नाही का?" साखर उतरून ते पडले तर त्याचा दोष देवाला. चढली तर मात्र स्वयंपाकघराला. अशा व्यवहारात कोणतीही शहाणी बाई सगळे बंदच करील. म्हणून काय खायचे, कुठे जायचे, किती धोका घ्यायचा हे डॉक्टरांसमोर, मुलगा, मुलगी, सून सगळे असताना ठरवावे, आणि मुख्य म्हणजे ज्याचे आयुष्य आहे त्याने ते स्वतःच्या तोंडाने सांगावे. परगावच्या मुलीला फोन लावून ऐकवावे. मग फोड आला तरी तो सुनेच्या माथी बसत नाही.

आम्हा डॉक्टरांचाही यात वाटा आहे. 'बंद' हा शब्द एका सेकंदात उच्चारता येतो. 'अर्धा खा, अमुक कमी करा, दोन तासांनी तपासा' हे समजावायला दहा मिनिटे लागतात आणि बाहेर चाळीस माणसे खोळंबलेली असतात. रुग्णालाही 'बंद' म्हणणारा डॉक्टर कडक आणि म्हणून हुशार वाटतो.

पन्नाशीच्या आतबाहेरच्या मधुमेही वाचकांनी या लेखाचे कात्रण बायकोला दाखवू नये. तुमच्यापुढे वीस-तीस वर्षे आहेत, तुमचे व्याज पुरते मिळायचे आहे. तुम्हाला कडक पथ्य, रोजचे चालणे आणि नियमित गोळ्या यांतून सुटका नाही. इन्सुलिनवर असलेल्या कोणीही, कोणत्याही वयात, डोस आपल्या मनाने बदलू नये.

ज्या घरात मधुमेहाच्या गोळ्या घेणारे वृद्ध आहेत त्यांनी एवढे पाठ करून ठेवावे. अचानक घाम, बरळणे, चिडणे, जीभ जड होणे, असे काही दिसले तर यंत्र असल्यास साखर पाहावी. ७० च्या खाली असेल, किंवा यंत्रच नसेल, तर वाट पाहत बसू नये. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी, आणि पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच द्यावी. जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या काही गोळ्या असतात, व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही त्यांची नावे. त्या चालू असतील तर घरची साखर लवकर लागू पडत नाही. तिथे औषधांच्या दुकानात मिळणारी ग्लुकोजची पावडरच द्यावी लागते, म्हणून एक पुडा घरात असावा. सावरल्यावर काही खायला द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, एका कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा. बोलणे जड झालेले असेल आणि साखर वर आणूनही सुधारले नाही तर तो खरोखरच लकवा असू शकतो, तेव्हाही १०८ च. आणि सावरला तरी त्या दिवशी डॉक्टरांना दाखवावेच, जाताना गोळ्यांची पाकिटे रिकामी असली तरी बरोबर न्यावीत. पुढची गोळी द्यायची की नाही, हे त्या पाकिटावरचे नाव पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.